संरक्षणाची भाषा आणि हितसंबंधांचे व्याकरण : चंद्रपूर-गडचिरोलीतील वनोपज व्यापाराच्या संदर्भात

प्रास्ताविक

'संरक्षण' हा शब्द चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत जितक्या वेगवेगळ्या कामांना जुंपला जातो, तितका तो राज्याच्या इतर भागांत क्वचितच जुंपला जात असेल. परदेशी मालावर आयात शुल्क बसवून देशी उद्योगाला आधार दिला जातो, तेव्हा त्याला संरक्षण म्हणतात. जंगलातील बांबू तोडण्यास मनाई केली जाते तेव्हा तेही संरक्षणच असते, आणि ती मनाई अमलात आणणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनामच 'वनसंरक्षक' आहे. तेंदूपाने गोळा करणाऱ्या मजुराची व्यापाऱ्याकडून लूट होऊ नये म्हणून शासन सारा व्यापार स्वतःच्या ताब्यात घेते, त्याचे समर्थनही 'आदिवासींचे संरक्षण' याच शब्दांत केले जाते. कृती तीन, कायदे तीन. शब्द मात्र एकच. राजकीय वक्तृत्वाला ही एकशब्दता फार सोयीची ठरते. एका अर्थाने मिळवलेली सहानुभूती दुसऱ्या अर्थाच्या निर्णयासाठी बिनबोभाट वापरता येते.

व्यापार संरक्षणाच्या राजकीय भाषेमागील हितसंबंध कसे वाचावेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अर्थशास्त्राने या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वीच दिलेले आहे. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की ज्या धोरणाचा लाभ मोजक्यांना आणि भार असंख्यांना असतो, त्या धोरणामागे मोजके संघटित होतात आणि असंख्य गप्प राहतात. ॲन क्रूगर यांनी १९७४ च्या निबंधात भारत आणि तुर्कस्तान यांची उदाहरणे घेऊन आयात परवान्यांभोवती अनर्जित लाभाची स्पर्धा कशी उभी राहते हे मांडले. परंतु हे विवेचन आकड्यांचे आहे. धोरणाचे समर्थन ज्या वाक्यांत होते, त्या वाक्यांची रचना त्यात तपासली जात नाही. मराठीत हे काम व्याकरणाच्या साध्या साधनांनी करता येते. संरक्षणाच्या कोणत्याही विधानात चतुर्थीत कोणाचे नाव आहे, कर्ता कोठे आहे, आणि त्या विधानातून जन्मलेला परवाना शेवटी कोणाच्या हाती आहे, हे तीन प्रश्न विचारले की पुष्कळ गोष्टी उघड होतात. चतुर्थीत बहुधा दुर्बलाचे नाव असते. लाभ ज्याला होतो तो त्या वाक्यात अनेकदा नसतोच.

येथे हितसंबंध म्हणजे लबाडी असे गृहीत धरलेले नाही. बोलणारा प्रामाणिक असू शकतो. वाक्याची घडण त्याच्याही आधीची असते.

रानडे ते बांबू कागद कायदा

महाराष्ट्राला व्यापार संरक्षणाचा विचार नवा नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात फ्रेडरिक लिस्ट या जर्मन विचारवंताचा आधार घेऊन खुल्या व्यापाराचा सिद्धान्त सर्व देशांना सरसकट लागू पडत नाही असे प्रतिपादन केले होते. परकीय सत्तेखालील देशाच्या संदर्भात ही मांडणी न्याय्य होती आणि तिचे मोल आजही कमी होत नाही. मात्र तिच्यात एक जागा मोकळी राहिली. 'राष्ट्र' हा घटक एकसंध मानल्यामुळे राष्ट्राच्या आत कच्चा माल पुरवणारा आणि पक्का माल विकणारा यांच्यात काय घडते, हा प्रश्न बाजूला पडला. १८९० च्या निबंधात रानड्यांनी डच सत्तेच्या जावातील शेतीपद्धतीचा विचार केला, तेव्हा तिच्यातील राज्यप्रेरित उद्योगवाढीचा भाग त्यांना अनुकरणीय वाटला होता. जावाच्या शेतकऱ्याने त्या पद्धतीची काय किंमत मोजली, हा वेगळा आणि कटू इतिहास आहे.

या मोकळ्या जागेचा प्रत्यय बांबूच्या बाबतीत लवकरच आला. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील वित्तीय आयोगाने १९२२ मध्ये 'विवेचक संरक्षणा'चे धोरण सुचवले. उद्योगाला नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणावाचून त्याची वाढ होणे शक्य नसावे आणि कालांतराने त्याने स्वतःच्या पायावर उभे राहावे, या तीन अटी त्यात होत्या. त्यानुसार १९२५ मध्ये बांबू कागद उद्योग (संरक्षण) कायदा संमत झाला आणि छपाईच्या व लेखनाच्या काही कागदांवर पौंडामागे एक आणा आयात शुल्क बसले. १९३२ मध्ये मुदत वाढवताना आयात लाकडी लगद्यावरही टनामागे ४५ रुपये शुल्क लावण्यात आले, कारण गिरण्यांनी परदेशी लगदा सोडून देशी बांबूकडे वळावे असा हेतू होता.

कायद्याच्या नावातच बांबू आहे, ही बाब सहज दुर्लक्षिली जाते. संरक्षण बांबूच्या नावाने मागितले गेले, बांबूची विपुलता हीच 'नैसर्गिक अनुकूलता' ठरली. परंतु तो तोडणारा, वाहणारा, त्याच्या टोपल्या विणणारा माणूस या व्यवहारात कोठेही पक्षकार नव्हता. बांबू हा देशाचा होता, शुल्काचा लाभ गिरणीचा होता. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने दोनच वर्षांनी 'झाड' या संज्ञेच्या व्याख्येत बांबूचा समावेश केला. गवतवर्गातील एक वनस्पती कायद्याने झाड झाली आणि तिच्या वाहतुकीवर वन खात्याच्या परवान्याचे नियंत्रण पक्के झाले. बाहेरून येणाऱ्या कागदाला भिंत आणि आतून बाहेर पडणाऱ्या बांबूला फाटक, अशी ही दुहेरी रचना होती. एका कायद्यावरील चर्चेत दुसऱ्याचा उल्लेख सहसा येत नाही. परंतु गिरणीच्या जमाखर्चात दोन्ही एकाच पानावर असतात.

बल्लारपूर : भिंतीच्या आतले दर

बल्लारपूरच्या कागद कारखान्याची स्थापना १९४५ ची. वर्धा नदीचे पाणी, जवळचा कोळसा, रेल्वे आणि त्या काळच्या अखंड चांदा जिल्ह्यातील बांबूवने ही त्याची भांडवली अनुकूलता होती. (गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला.) या कारखान्याने हजारो हातांना काम दिले, बल्लारपूरला शहराचे रूप दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. मुद्दा बांबूच्या दराचा आहे. दीर्घ मुदतीच्या कराराने उद्योगाला बांबू मिळतो, तेव्हा त्याची किंमत बाजारात ठरत नाही. ती वाटाघाटीत ठरते, आणि वाटाघाट खाते व उद्योग यांच्यात होते. माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातील बांबूचा जो अभ्यास केला, त्यात दांडेलीच्या कागद गिरणीला आरंभी टनामागे दीड रुपयाने बांबू मिळत असल्याचे नोंदवले आहे. त्याच काळात बुरुडाला बाजारभावाने बांबू घ्यावा लागत असे. बल्लारपूरचे दर वेगळे असतील. रचना तीच होती.

ही रचना कोणत्या भाषेत समर्थनीय ठरली, ते पाहण्याजोगे आहे. राजकीय भाषणांत 'मागास भागाचा औद्योगिक विकास', 'देशी उद्योगाला चालना', 'स्थानिकांना रोजगार' हे शब्दप्रयोग पिढ्यान्पिढ्या चालत आले. तिन्हींत एक समान धागा आहे : स्थानिक माणूस मजूर म्हणून उपस्थित आहे, विक्रेता म्हणून नाही. त्याला रोजगार 'मिळतो'. त्याच्या मालाला भाव मिळावा, अशी वाक्यरचना या भाषेत सहसा आढळत नाही, कारण माल त्याचा आहे हेच तिला मान्य नसते. कापसाच्या बाबतीत विदर्भाने हाच अनुभव वेगळ्या रूपात घेतला. १९७१ च्या कायद्यान्वये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेने शेतकऱ्याला खाजगी व्यापाऱ्यापासून संरक्षण दिले, आणि त्याच संरक्षणापोटी सीमेपलीकडच्या आदिलाबादच्या बाजारात चढा भाव असताना तिकडे कापूस नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरला. शरद जोशी यांनी निर्यातबंदी आणि झोनबंदीवर जी टीका केली तिचा रोख याच विसंगतीवर होता. त्यांचे खुल्या बाजाराविषयीचे सर्व निष्कर्ष मान्य नसणाऱ्यांनाही त्यांचा हा प्रश्न टाळता आलेला नाही.

चार शब्द

येथून पुढचे विवेचन चार शब्दांपुरते मर्यादित ठेवले आहे. हितसंबंधांची चाहूल मोठ्या घोषणांपेक्षा अशा लहान शब्दांत अधिक लागते.

पहिला शब्द 'गौण'. बांबू, तेंदू, मोहफुले, डिंक, मध, लाख यांना मराठी शासकीय परिभाषेत 'गौण वनोपज' म्हणतात. गौण कोणाच्या दृष्टीने? इमारती लाकडाला प्रधान मानणाऱ्या खात्याच्या दृष्टीने. गोंड, माडिया, परधान, कोलाम यांच्या घरात उन्हाळ्याच्या तोंडी येणारी रोख रक्कम तेंदू आणि मोहातून येते. सागवान त्यांच्या हिशेबात कधी नव्हतेच. आणि 'गौण' म्हटलेल्या याच तेंदूचा व्यापार राज्याने १९६९ च्या महाराष्ट्र वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियमाने स्वतःकडे घेतला. संकलकाला ठेकेदाराच्या शोषणापासून वाचवणे हे त्याचे घोषित कारण होते, आणि शोषण खरेच होते. पण पुढे घडले ते असे : घटकांचे लिलाव होत राहिले, ठेकेदार राहिले, संकलकाला शेकडापुड्यामागे मजुरी मिळत राहिली, मध्ये एक नवा विक्रेता आला, तो म्हणजे शासन. एखादी वस्तू शब्दाने गौण ठरवायची आणि कायद्याने ताब्यात घ्यायची, यातला विरोध केवळ वरवरचा आहे. शब्दाने तिचे मोल झाकले म्हणूनच ताबा सुकर झाला.

दुसरा शब्द 'झाड'. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचा स्पष्ट समावेश केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनक्षेत्रावरील सामूहिक हक्काची मान्यता मिळाली. गावाने बांबू विकायला काढला तेव्हा वाहतूक परवान्याचा प्रश्न आला आणि १९२७ च्या कायद्यातील झाड पुन्हा उभे राहिले. दोन वर्षे वाद चालला. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वन राज्यमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हा गौण वनोपज मानावा असे कळवले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढ्याच्या ग्रामसभेकडे वाहतूक परवाना पुस्तिका सुपूर्द झाली. वनस्पतिशास्त्राचा एक प्राथमिक धडा मान्य व्हायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली, असा विनोद यावर करता येईल. परंतु अज्ञान हे कारण नव्हते. बांबू गवत आहे हे कोणत्याही वनपालाला ठाऊक असते. 'झाड' हा शब्द वनस्पतीविषयी काही सांगत नव्हता, तो विक्रीचा अधिकार कोणाकडे आहे ते सांगत होता.

याच शब्दाचा उत्तरार्ध २०१७ चा. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अध्यादेश निघाला, मागोमाग संसदेने कायदा केला आणि 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला गेला. शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढवणे आणि देशातील हरित आच्छादन वाढवणे, असे दुहेरी उद्दिष्ट सांगितले गेले. खाजगी शेतात बांबू लावणाऱ्याच्या डोक्यावरचे परवान्याचे ओझे उतरले, हे स्वागतार्हच होते. पण वनक्षेत्रातला बांबू वनोपजच राहिला. परिणामी एकाच जातीचा बांबू बांधावर असेल तर गवत आणि बांधापलीकडच्या जंगलात असेल तर परवान्याची वस्तू, अशी स्थिती झाली. 'बांबू मुक्त झाला' हे वाक्य व्यासपीठावरून ऐकू येते तेव्हा कोणता बांबू, असा प्रश्न श्रोत्याने विचारायला हवा. चंद्रपूर-गडचिरोलीचा बहुतांश बांबू दुसऱ्या प्रकारचा आहे.

तिसरा शब्द 'वाटप'. वनहक्क कायद्याचे पूर्ण नाव 'अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम' असे आहे. कायदा मान्यतेची भाषा बोलतो : हक्क आधीच होता, राज्य तो आता ओळखत आहे. कार्यक्रमपत्रिकांवर आणि वृत्तपत्रांत मात्र 'वनपट्टे वाटप' असे छापले जाते. मान्यतेत राज्य साक्षीदार असते; वाटपात ते दाता होते. दात्याला फोटो मिळतो, आभार मिळतात, पुढच्या निवडणुकीत आठवण करून देता येते. मेंढ्याच्या वर उल्लेखिलेल्या प्रसंगाचे वर्णनही बहुतेक ठिकाणी 'परवाना दिला' असेच झाले. सत्ताधारी कोणत्याही पक्षाचे असोत, हा शब्द बदललेला नाही, कारण त्यामागचा हितसंबंध पक्षाचा नसून पदाचा आहे.

चौथा शब्द खरे तर शब्द नाही, प्रयोग आहे. 'निर्बंध घालण्यात आले आहेत', 'संरक्षण देण्यात येत आहे', 'कार्यवाही करण्यात येईल' ही शासकीय मराठीची आवडती घडण. हिच्यात कर्ता व्याकरणदृष्ट्या अनावश्यक असतो. सामान्य मराठी माणूस घरात असे बोलत नाही. 'भाकरी करण्यात आली आहे' असे कोणी म्हणाले तर हसू येईल. पण आयात धोरणात, वनविभागाच्या पत्रात आणि मंत्र्याच्या निवेदनात हीच रचना स्वाभाविक वाटू लागते. निर्बंध कोणी घातले, कोणाच्या मागणीवरून घातले, दुसऱ्या कोणी विरोध केला होता का, ही सर्व माहिती या एका प्रयोगात विरघळते. उरतो तो चतुर्थीतला लाभार्थी : कारागिरांना, आदिवासींना, शेतकऱ्यांना.

अगरबत्तीची काडी

अलीकडच्या काळात या भाषेचा सर्वांत बोलका नमुना अगरबत्तीच्या व्यापारात मिळतो. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने अगरबत्तीची आयात 'मुक्त' वर्गातून 'प्रतिबंधित' वर्गात टाकली. त्यानंतर जून २०२० मध्ये बांबूच्या आयातीवरील शुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के करण्यात आले. मे २०२० मधील पंतप्रधानांच्या 'आत्मनिर्भर भारत' या घोषणेची पार्श्वभूमी ताजी होती. चीन आणि व्हिएतनाम हे या व्यापारातील प्रमुख पुरवठादार. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या म्हणण्यानुसार २०११ मध्ये शुल्क ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणल्यामुळे कच्च्या अगरबत्तीची आयात २००९ मधील ३१ कोटी रुपयांवरून २०१९ मध्ये ५४६ कोटींवर गेली होती. देशी रोजगार त्यामुळे बुडाला हे खरे आहे, आणि शुल्कवाढीला आर्थिक आधार नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तथापि 'बांबू उत्पादक आदिवासींना याचा लाभ होईल' हे जे वाक्य या निर्णयाबरोबर बांबूच्या प्रत्येक जिल्ह्यात पोहोचले, ते तपासून घ्यावे लागते. अगरबत्तीच्या गोल काडीला लांब पेरांचा, सरळ तंतूंचा बांबू लागतो. ईशान्य भारतातील 'तुल्डा' जात त्यासाठी मुख्यतः वापरली जाते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात प्राधान्याने मानवेल आहे. तो भरीव, बळकट, आखूड पेरांचा. काठ्यांना, ताट्यांना, घरबांधणीला आणि लगद्याला उत्तम. त्याच्यापासून काडी निघत नाही असे नाही, पण कष्ट आणि तूट वाढते. त्यामुळे दिल्लीत वाढलेले १५ टक्के शुल्क धानोरा किंवा एटापल्लीच्या जंगलापर्यंत पोहोचण्याआधी जातीच्या, यंत्राच्या आणि परवान्याच्या तीन पायऱ्यांवर झिरपून जाते.

त्याच वर्षी जाहीर झालेल्या आयोगाच्या अगरबत्ती योजनेचा तपशील याहून बोध देणारा आहे. एका स्वयंचलित यंत्रावर चार कारागीर, दिवसाला सुमारे ८० किलो उत्पादन, किलोमागे १५ रुपये मजुरी, म्हणजे दर माणशी दिवसाला किमान ३०० रुपये, असा हिशेब होता. यंत्राच्या किमतीचा २५ टक्के भाग अनुदान, उरलेला कारागिराकडून मासिक हप्त्यांनी वसूल. कच्चा माल पुरवणारा आणि पक्का माल उचलणारा खाजगी 'व्यावसायिक भागीदार'. या रचनेत काम निश्चित मिळते, हा तिचा गुण मान्य केला तरी संरक्षणाचा लाभ कोठे साचतो ते स्पष्ट दिसते. आयात शुल्क मालाच्या किमतीवर टक्केवारीने लागते. म्हणून बाजारभाव चढला की संरक्षणाची रक्कमही चढते. मजुरी किलोमागे रुपयांत बांधलेली आहे; ती जागची हलत नाही. मधला फरक भागीदाराचा. 'कारागिरांना संरक्षण' या वाक्यातला कारागीर यंत्राचा कर्जदार आहे आणि मालाचा मालक नाही.

पुढील घटना तर भाषाभ्यासकाने जपून ठेवावी अशी आहे. आयात रोखण्याचा आग्रह धरणाऱ्या याच आयोगाने नंतर बांबूच्या कोळशावरील निर्यातबंदी उठवण्याची मागणी केली, कारण काडी काढताना बांबूचा फार मोठा भाग वाया जातो आणि त्याच्या कोळशाला परदेशात भाव आहे. मे २०२२ मध्ये ती बंदी उठली. एका हाताने दार बंद, दुसऱ्या हाताने उघडे. आणि दोन्ही वेळा चतुर्थीत तोच कारागीर. यात विसंगती शोधणे व्यर्थ आहे. तत्त्व म्हणून पाहिले तर विरोध दिसतो, हितसंबंध म्हणून पाहिले तर पूर्ण सुसंगती. दोन्ही मागण्या काडी-उद्योगाच्या सोयीच्या होत्या, आणि तशा असण्यात गैर काही नव्हते. 'काडी-उद्योगाला' असे चतुर्थीत कोणी लिहिले नाही, एवढेच.

स्थानिक पुढाऱ्यालाही या भाषेचा स्वतंत्र लाभ असतो. चीनच्या मालाविरुद्ध बोलायला त्याला काही खर्च येत नाही. चीनचा उत्पादक मतदारसंघात राहत नाही. बुरुडाला आगारातून हिरवा बांबू वेळेवर का मिळत नाही, आगाराचा दर कोण ठरवतो, तेंदूच्या घटकांचे लिलाव ठरावीक मंडळींकडेच का जातात, हे विषय काढले तर खाते, ठेकेदार आणि कार्यकर्ते या तिघांशी वाकडे घ्यावे लागते. ते सर्व मतदारसंघातच राहतात. दूरच्या शत्रूविषयीचे संरक्षण हे जवळच्या प्रश्नावरचे मौन असू शकते. आयात शुल्काचे अधिकार राज्याकडे वा जिल्ह्याकडे नाहीत, हे वक्त्याला आणि श्रोत्याला दोघांनाही माहीत असल्यामुळे त्या विषयावरील आवेश अधिकच निर्धास्त होतो.

तांदूळ, लोहखनिज आणि एक आक्षेप

हीच चौकट अन्य दोन वस्तूंना लावून पाहता येते. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवण्यात आली आणि सप्टेंबर २०२४ अखेर ती पुन्हा खुली झाली. समर्थनात ग्राहक होता. गडचिरोली, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही हा धानाचा पट्टा. या चौदा महिन्यांत येथील शेतकरी त्या वाक्यात कोठेही नव्हता. लोहखनिजावर मे २०२२ मध्ये ५० टक्क्यांपर्यंत निर्यात शुल्क लागले आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतले गेले. तेव्हा 'देशांतर्गत उद्योग' म्हणजे पोलाद. मॅक्स कॉर्डन यांनी १९६६ मध्ये 'परिणामी संरक्षणा'ची जी संकल्पना मांडली, तिच्या दृष्टीने पक्क्या मालावर आयात शुल्क आणि कच्च्या मालावर निर्यात शुल्क या एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत. कच्च्या मालावरील निर्यात शुल्काने तो विकणाऱ्याचा भाव दबतो. (सूरजागडमध्ये खाण आणि प्रक्रिया एकाच समूहाकडे असल्याने तेथील गणित काहीसे निराळे आहे.) 'येथील खनिजावर येथेच प्रक्रिया व्हावी' ही जिल्ह्यातील मागणी रास्त आहे, पण तिच्यातही आदिवासी पुन्हा रोजगाराच्या रांगेतच उभा आहे, हे नजरेआड करता येत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. संरक्षणाची भाषा सोडून दिली तर दुर्बलाला काय उरते? खुला बाजार त्याच्याशी सौम्यपणे वागतो असा अनुभव नाही. या आक्षेपात तथ्य आहे. तेंदूच्या व्यवहारात पेसा क्षेत्रातील ग्रामसभांना वन विभागामार्फत लिलाव किंवा स्वतः विक्री असे दोन पर्याय उपलब्ध झाले, तेव्हा स्वतः विक्री करणाऱ्या काही ग्रामसभांच्या रकमा ठेकेदारांकडे थकल्या. त्या अनुभवाचा दाखला देऊन 'ग्रामसभांना संरक्षण हवे' हे वाक्य लगेच परतले. मात्र येथे दोन गोष्टींची गल्लत होते. थकलेली रक्कम वसूल करून देणे, करार लिहायला मदत करणे, अनामत रकमेची अट पाळली जाते की नाही हे पाहणे, हे विक्रेत्याला दिलेले साहाय्य आहे. विक्रीच परत घेणे हे त्याचे विक्रेतेपण काढून घेणे आहे. दोन्हींना 'संरक्षण' म्हणता येते, आणि म्हणूनच तो शब्द इथे निर्णयाला उपयोगी पडत नाही.

ग्रामसभा निरपेक्ष असतात असेही नाही. त्यांच्यातही दराचा, हिश्शाचा, पदाचा हितसंबंध असतो, भांडणे असतात. फरक इतकाच की तो हितसंबंध त्या उघड लिहितात. २०१२ मधील सुधारित नियमांनी वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आल्यानंतर बांबू आणि तेंदूच्या विक्रीसाठी ग्रामसभा स्वतः निविदा मागवू लागल्या. या सूचनांची भाषा वाङ्मयीन नाही, शुद्धलेखनाच्या चुकाही असतात. वाक्ये सरळ असतात : ग्रामसभा विकणार आहे, माल इतका आहे, अनामत रक्कम इतकी भरावी, पहिला हप्ता उचलीपूर्वी द्यावा, अमुक तारखेनंतर जंगलात माल राहिल्यास ग्रामसभा जबाबदार राहणार नाही. कर्ता प्रथमेत आहे, आणि चतुर्थीत कोणी असलाच तर तो खरेदीदार.